पान्हा

हार्मोन म्हणजे काय, असं मी दरवर्षी झूलॉजीच्या टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, पहिल्या तासाला विचारते आणि दरवर्षी निफाड नाहीतर दिंडोरीकडचं कुणीतरी पोरगं मागच्या बाकावरून 'जीए' म्हणून सांगतं. बाकी वर्ग हसतो. मला मात्र ते उत्तर मनापासून आवडतं, कारण ते घरातून आलेलं असतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षवाल्यांच्या घरी हार्मोन हा शब्द जिबरेलिक ॲसिडच्या पुडीबरोबरच येतो, डिपिंगच्या, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवायच्या दिवसांत अख्खं घर बागेत असतं, पीपीएमचा हिशोब शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेला माणूसही तोंडी करतो, आणि एवढ्याशा पावडरीने मणी कसा लांबतो, कसा फुगतो हे त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. म्हणजे इतक्याशा पदार्थाने एवढा मोठा बदल होतो, ही हार्मोनची निम्मी व्याख्या त्याला बागेतच मिळालेली असते. उरलेल्या निम्म्यासाठी मी फळ्यावर एक शब्द लिहिते. पान्हा.

मग विचारते, घरी गाय-म्हैस कुणाकडे आहे? मी शिकवायला लागले तेव्हा अर्धा वर्ग हात वर करायचा, आता सात-आठ हात येतात. धार कोण काढतं, असं विचारलं की त्यातलेही मुलांचे हात हळूहळू खाली जातात आणि तीन-चार मुलींचे तसेच राहतात. त्यातल्या एकीला मी उठवते, म्हणते, सांग गं, पान्हा म्हणजे काय? ती आधी लाजते. झूलॉजीच्या तासाला, इंग्रजी टेक्स्टबुक समोर उघडं असताना, हा शब्द चालतो हे तिला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. पण एकदा बोलायला लागली की थांबत नाही, वासरू सोडावं लागतं मॅडम, मग गाय चाटते, मग कास भरून येते, सड टणक होतात, मग बसायचं, आणि कुणी परकं माणूस आलं की चोरते. चोरते म्हणजे? पान्हा चोरते ना मॅडम.

माझ्या मते एंडोक्रायनॉलॉजीचं, म्हणजे हार्मोनच्या शास्त्राचं, यापेक्षा चांगलं पहिलं लेक्चर होऊ शकत नाही.

मी स्वतः सिन्नर तालुक्यातल्या एका गावातली. आमच्याकडे एक डांगी गाय होती, आजीच्या माहेराहून, इगतपुरीकडून आलेली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तेल लावल्यासारखी चकाकती कातडी, पावसाचं पाणी अंगावर ठरायचं नाही. आजी तिला चंद्री म्हणायची. दूध फार नव्हतं, पण आजीचा जीव तिच्यात. पहाटे आजी गव्हाणीत आंबोण टाकायची, वासराचं दावं सोडायची, ते धडपडत जाऊन कासेला ढुशा द्यायचं, चार घोट प्यायलं की त्याला ओढून चंद्रीच्या तोंडापाशी बांधायचं म्हणजे ती त्याला चाटत राहायची, आणि मग आजी चरवी गुडघ्यात धरून खाली बसायची. आधी रिकाम्या चरवीवर बारीक, कडक आवाज. मग मधेच एका क्षणाला धारेचा आवाजच बदलायचा, जाड व्हायचा, फेसात बुडायचा. आजी तेव्हा कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणायची, "घातला गं बाईने पान्हा." त्यानंतर घराला आग लागली तरी आजी उठली नसती. दारात कुणी हाक मारली तर आतून फक्त 'हं' यायचं. चंद्रीची धार पुरी होईपर्यंत, पाच-सात मिनिटं, आजी कुणाचीच नसायची.

हे सगळं मी रोज बघत मोठी झाले आणि तरीही बीएस्सीला नाशिकला आल्यावर हॉस्टेलच्या खोलीत बसून मी 'मिल्क इजेक्शन रिफ्लेक्स', म्हणजे पान्हाच, पाठ केला तो एखाद्या परक्या देशातल्या परक्या प्राण्याचा असल्यासारखा. डायग्राम असा होता: डावीकडे एक सड, तिथून एक बाण पाठीच्या कण्याकडे, तिथून बाण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे, तिथून त्याच्याखालची पिट्युटरी ग्रंथी, तिचा मागचा भाग, तिथून तुटक रेघेचा बाण रक्तातून परत कासेत. बाणावर त्या हार्मोनचं नाव लिहिलेलं, ऑक्सिटोसिन. कासेतल्या बारीक पिशव्यांभोवती मायोएपिथेलिअल पेशींची जाळी असते, ऑक्सिटोसिन पोचलं की ती आवळते आणि पिशवीतलं दूध नळ्यांमध्ये उतरतं. गायीच्या कासेतलं साधारण ८० टक्के दूध या पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं, नुसतं सड पिळून ते येतच नाही, ते गायीनेच सोडावं लागतं. म्हशीचं तर त्याहून जास्त, तिच्या खालच्या टाकीत जेमतेम ५ टक्के, म्हणून म्हैस पान्हवायला वेळ घेते. आणि ऑक्सिटोसिन रक्तात टिकतं फक्त काही मिनिटं, म्हणून त्या पाच-सात मिनिटांत धार उरकावी लागते. हे मी लिहिलं, मार्कही पूर्ण मिळाले. पण त्या डायग्राममध्ये गाय नव्हती. वासरू नव्हतं. गव्हाण, आंबोण, चरवीचा आवाज, खाली बसलेलं माणूस, काहीच नव्हतं, एक कापलेला सड आणि बाण. त्यामुळे हे आपल्या चंद्रीचं चाललंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

आलं ते दिवाळीत. पाडव्याच्या पहाटे कुणीतरी आमच्या गोठ्यालगत लवंगीची लड लावली, चंद्री दावं तोडायला बघत होती, डोळे पांढरे, आणि नंतर वासरू लावलं तरी चरवीत तळ झाकेल एवढंच दूध. आजी म्हणाली, "भ्याली ती. आता न्हाई सोडायची, ऱ्हाऊ दे." आणि तिथे उभ्या उभ्या मला १९४१ चा इली आणि पीटरसन यांचा प्रयोग आठवला, जो आमच्या पुस्तकात दोन ओळींत होता आणि मी नंतर लायब्ररीत शोधून वाचला होता. त्यांनी धार काढताना गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दोन मिनिटं दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. दूध उतरलं नाही. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मांजराची गरजच नाही, नुसत्या पिशव्या पुरतात. मग त्यांनी भीती न दाखवता नुसतं ॲड्रेनलिन, भ्यायल्यावर अंगात सुटणारं हार्मोन, टोचलं, तेव्हाही तेच झालं. कासेच्या एका बाजूच्या नसा कापून बघितल्या तरी दोन्ही बाजूंनी दूध उतरलं, म्हणजे निरोप नुसता नसेतून येत नव्हता, रक्तातून येत होता. अमेरिकेतल्या गायी, कागदी पिशव्या, आणि इथे आमची चंद्री आणि लवंगी. आजी एका शब्दात जे म्हणत होती, भ्याली, त्यालाच मी ॲड्रेनलिन म्हणून पाठ केलं होतं.

पान्हा या शब्दाची मला सगळ्यात जास्त वाटणारी श्रीमंती ही की तो शरीराचाही आहे आणि मनाचाही, आणि मराठी माणूस तो वापरताना कुठलं कुठे संपतं ते विचारत बसत नाही. पान्हा फुटतो, पान्हा दाटतो, पान्हा चोरला जातो. लेकरू रडलं की आईला पान्हा येतो, लेकरू दुसऱ्या खोलीत असलं तरी. हे शब्दशः खरं आहे, बाळाच्या रडण्याच्या आवाजाने बाईचं ऑक्सिटोसिन वाढू शकतं, स्पर्श झालेला नसतानाही. पुस्तकात याला कंडिशन्ड रिफ्लेक्स म्हणतात, सवयीने जडलेली प्रतिक्रिया. आमच्या गोठ्यात चरवीचा आवाज झाला तरी चंद्रीच्या सडांतून थेंब गळायचे.

हार्मोन हा शब्द तसा अलीकडचाच. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं की आतड्याच्या नसा तोडल्या तरी आतड्यात आम्ल आलं की स्वादुपिंड पाझरतंच, म्हणजे काहीतरी रक्तातून जातंय, त्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या पदार्थांना हार्मोन म्हटलं, ग्रीक शब्दावरून, अर्थ साधारण चेतवणारा, कामाला लावणारा. आपला संप्रेरक त्याला अगदी चपखल बसतो. पिट्युटरीला मराठीत म्हणतात तो पीयूषिका हा शब्द तर मला फार सुंदर वाटतो, कारण संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत आणि नुकत्याच व्यालेल्या गायीचं पहिलं दूधही, आपण ज्याला चीक म्हणतो ते. ज्या कुणी हे नाव दिलं त्याच्या मनात हा अर्थ होता की नव्हता, मला तो दिसतो. मराठी मीडियममधून आलेल्या मुलांना मी हे शब्द सांगते तेव्हा परीक्षेला त्यांचा उपयोग नसतो, पेपर इंग्रजीत, पण त्यांची मान जरा वर होते.

आता जे सांगायचंय ते जड आहे.

मी सातवीत असताना चंद्रीचं एक वासरू आठव्या दिवशी दगावलं. चंद्री दोन दिवस हंबरत होती आणि धारेला उभीच राहीना, राहिली तरी पान्हा नाही. आजीने वासराचं कातडं काढून घेतलं, वाळवलं, त्यात पेंढा भरून शिवलं आणि मीठ लावून चंद्रीपुढे ठेवलं. मला ते बघवलं नाही. पण चंद्री ते चाटायला लागली आणि चाटता चाटता सोडायला लागली. आजी धार काढताना रडत होती, हे मला स्पष्ट आठवतं, एका हाताने डोळे पुसायची आणि परत सडाला हात. आज मी याला वास, चव, स्पर्श यांनी जागा झालेला न्यूरोएंडोक्राइन रिफ्लेक्स, नसांनी आणि हार्मोनने मिळून घडवलेला, म्हणेन, म्हणतेही. पण चंद्रीला त्या कातड्यात काय मिळत होतं याचं उत्तर माझ्या कुठल्याच बाणात नाही.

त्याच सुमाराला काकांनी म्हैस घेतली होती आणि गावातल्या एका दूधवाल्याने त्यांना एक बाटली आणून दिली, लेबल नसलेली, पाण्यासारखं औषध. पारडू लावायची गरज नाही, वेळ वाचतो, एक सुई मारायची आणि दोन मिनिटांत सगळं दूध खाली. सुई मारताना म्हैस हलू नये म्हणून कासरा मी धरायचे. बारा वर्षांची होते. पाठीवरची कातडी थरथरायची, ती अजून डोळ्यांपुढे येते. आजीने खूप विरोध केला, "तिचं तिला देऊ द्या, ओरबाडू नका," म्हणायची, पण दुधाचा पैसा रोख होता. दोन वर्षांत ती म्हैस अशी झाली की सुईशिवाय एक थेंब नाही, पारडू लावा, आंबोण ठेवा, काहीही करा. बाहेरून रोज ऑक्सिटोसिन टोचलं की जनावराचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो, हे मी एमएस्सीला वाचलं आणि तो पॅराग्राफ मला पुढे वाचता येईना. शेवटी काकांनी तिला विकलं. कुणाला, कशासाठी, मी विचारलं नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या १२ व्या कलमात दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे आणि तिथेच फुंक्याचाही उल्लेख आहे. फुंका म्हणजे जुनी भयंकर पद्धत, नळीने गायीच्या योनिमार्गात हवा फुंकायची म्हणजे ती दूध सोडते. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे या फुंक्याची माहिती हे एक कारण होतं. आता शरीरशास्त्राने बघितलं तर तिथेही ऑक्सिटोसिनच आहे, तो मार्ग ताणला गेला की मेंदूला वाटतं वासरू जन्माला येतंय, आणि पिट्युटरी ऑक्सिटोसिन सोडते. टोरांटोच्या फर्ग्युसनने १९४१ मध्येच सशांवर हा रिफ्लेक्स दाखवला. म्हणजे ज्या वर्षी एकीकडे पिशव्या फुटत होत्या त्याच वर्षी. माणसाने जनावराच्या शरीराचं हे कुलूप शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी शोधून काढलं होतं, आणि ते उघडायला आजीसारखी माणसं वासरू लावत होती आणि दुसरी काही माणसं नळी.

मुलं मला हमखास विचारतात, मॅडम, इंजेक्शनच्या दुधाने मुलींना लवकर पाळी येते ना? मी सांगते, ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो ॲसिडचा छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचाच छोटा भाऊ आहे, विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी तो १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि असा पेप्टाइड पोटात गेला की इतर प्रोटीनसारखा पचतो, म्हणून तर तो गोळी म्हणून गिळता येत नाही, टोचावा लागतो. तेव्हा भीती घालायची तर खोटी घालू नका. त्रास त्या म्हशीला होतो, आणि त्रास तिला होतो एवढं कारण मला पुरतं. याच औषधाने बाळंतपणातला रक्तस्राव थांबतो, लाखो बायका त्याच्यावर वाचतात, हेही त्याच तासाला सांगते. २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली होती, पण त्याच डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली, बायकांना औषध कमी पडू नये हा मुद्दा त्यात मोठा होता. वर्गात यावर दरवर्षी वाद होतो आणि मी तो होऊ देते, पोर्शन मागे पडला तरी.

मी एमएस्सी केलं तेव्हा फिजिऑलॉजी एका सेमिस्टरला होती आणि ॲनिमल बिहेविअर दुसऱ्या, शिकवणारे वेगळे, नोट्स वेगळ्या, आणि दोन्हींमध्ये एकमेकांचा उल्लेख जवळजवळ नाही. एकात हार्मोन वागणूक घडवतात, पूर्णविराम. त्याचा जुना पुरावा म्हणजे बर्थोल्डचे कोंबडे, जर्मनीत, १८४९: खच्ची केलेल्या कोंबड्यांचा तुरा बारीक होतो, आरवणं-भांडणं जातं, आणि वृषण परत पोटात कुठेही बसवलं की सगळं परत येतं. चांगला प्रयोग आहे. पण बैल आणि वळू यांतला फरक माहीत असलेल्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते उलट्या दिशेत, वागणूक हार्मोन घडवते त्यात, आणि ते मला समजलं सिडकोतल्या माझ्या दोन खोल्यांच्या गॅलरीत.

कबुतरांनी कुलरच्या मागे चार काड्या टाकून दोन अंडी घातली. घरमालकीणबाई काढून टाका म्हणत होत्या, मी अठरा-वीस दिवस मागून घेतले. आणि मग मला ती ड्युटी दिसायला लागली. सकाळी दहाच्या आसपास नर यायचा, मादी उठायची, तो बसायचा, संध्याकाळपर्यंत तोच, मग परत ती, रात्रभर. मी साडेदहाच्या लेक्चरला निघायचे तेव्हा नुकती पाळी बदललेली असायची. पिल्लं निघाली, पिवळ्या लवेची, डोळे मिटलेले, आणि ती चोच थेट आईच्या आणि बापाच्याही घशात घालायची. कबुतराचं दूध. खरंच दूध म्हणतात त्याला, गळ्यातल्या पिशवीच्या आतल्या पेशी चरबी आणि प्रोटीनने भरून सुटतात, पनीरच्या चुऱ्यासारखं दिसतं, आणि पहिले काही दिवस पिल्लं फक्त त्यावर जगतात. नर आणि मादी दोघांनाही ते येतं. आणि त्यामागे हार्मोन कुठलं? प्रोलॅक्टिन. गायीत दूध तयार करणारं तेच. ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कबुतरांवर काम करतानाच त्याला हे नाव दिलं, आणि पुढे कित्येक वर्षं एखाद्या द्रावणात प्रोलॅक्टिन किती आहे ते मोजायला कबुतराला टोचून त्याच्या गळ्याची पिशवी किती जाड झाली ते बघायचे.

आता उलटी दिशा. अमेरिकेत रटगर्सला डॅनिएल लेहरमन नावाचा शास्त्रज्ञ होता, त्याने आपल्या होल्यासारख्याच दिसणाऱ्या रिंग डव्ह पक्ष्यांवर आयुष्य घातलं. एकट्या मादीसमोर तयार घरटं आणि अंडी ठेवली तरी ती बसत नाही. नर आणि मादीला एकत्र आणून लगेच अंडी दिली तरी बसत नाहीत. आधी नराने मान लववून घुमावं लागतं, मग दोघांनी मिळून काड्या गोळा कराव्या लागतात, आठवडाभर हे चाललं की मग कुठे अंड्यावर बसण्याची ओढ येते. मादी काचेच्या पलीकडे ठेवली आणि नर अलीकडे घुमत राहिला तरी तिच्या पोटात अंडी धरायला लागतात, स्पर्श नाही, नुसतं बघणं आणि ऐकणं. नर खच्ची असेल तर तो घुमत नाही आणि मग तिचंही काही होत नाही, म्हणजे त्याच्या रक्तातलं हार्मोन त्याच्या घुमण्यावाटे तिच्या रक्तात जाऊन पोचतं असंच म्हणायचं की! आणि मला सगळ्यात भिडलं ते हे: अंड्यावर बसलेल्या नराला उठवून काचेआड ठेवलं, आणि तिथून त्याला आपली मादी बसलेली दिसत राहिली, तर त्याच्या गळ्यातलं दूध आटत नाही. नुसतं बघून.

हे वाचलं त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुझा जन्म झाला तेव्हा तुझे वडील पंधरा दिवस झोपले नव्हते."

हल्ली रील्समुळे ऑक्सिटोसिनला लव्ह हार्मोन म्हणायची पद्धत पडलीये, मुलं तेच घेऊन वर्गात येतात, मिठी मारली की ऑक्सिटोसिन, विश्वास म्हणजे ऑक्सिटोसिन. त्यामागे खरं काम आहे, प्रेअरी व्होल नावाचा अमेरिकी गवताळ प्रदेशातला उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो आणि त्या जोडीत ऑक्सिटोसिनचा वाटा आहे असं अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दिसलं होतं. पण २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेले व्होल तयार केले, आणि तेही जोड्या करून राहिले, पिल्लंसुद्धा वाढवली. मी हे सांगते तेव्हा वर्गात निराशा पसरते, मला ती समजते, बटण असतं तर सोपं झालं असतं. मग मी चंद्री आणि ते पेंढा भरलेलं कातडं सांगते.

प्रॅक्टिकलचं म्हणाल तर जुन्या कपाटावर अजून एक कायमोग्राफचा ड्रम पडलेला आहे. आमच्या लॅबमधल्या मामांनी मला एकदा दाखवला, त्यावर चकचकीत कागद गुंडाळायचे, दिव्याच्या धुराने काळा करायचे, बेडकाच्या पायाचा स्नायू किंवा हृदय लिव्हरला जोडायचं आणि सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची, मग तो कागद लाखेच्या पाण्यातून काढून वाळवायचा. मामांना त्या रेघांचं अप्रूप होतं, आणि बेडकांचं वाईटही वाटायचं, दोन्ही एकाच वाक्यात सांगायचे. यूजीसीने २०१४ मध्ये डिसेक्शन पूर्ण बंद केलं. मला त्याचं दुःख नाही. पण त्या जागी काय आणलं, तर स्लाइड आणि चार्ट. थायरॉइडचा टीएस, म्हणजे आडवा छेद, ओळखा, पिट्युटरीचा टीएस ओळखा, दोन मार्क. जिवंत प्राणी कापायचा नाही हे ठरलं, जिवंत प्राणी बघायचा हे मात्र कुणी ठरवलं नाही, आणि आमच्या मुलांच्या दारात तो बांधलेला आहे.

म्हणून चार वर्षांपूर्वी मी माझ्यापुरतं सुरू केलं. सीएचबीवर आहे, तासावर पैसे, सिलॅबस बदलायचा मला अधिकार नाही, पण जर्नलच्या मागची पानं माझीच. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी १५ दिवस पान्ह्याची नोंद करायची, कासेला हात लावल्यापासून धारेचा आवाज जाड होईपर्यंत मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं ते. ज्यांच्या घरी नाही त्यांनी कबुतरं, पंचवटीतली, रामकुंडावरची, गॅलरीतली, कोण किती वाजता बसतं. शहरातली मुलं आधी कुरकुरतात आणि दहाव्या दिवशी मला सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर फोटो येतात, मॅडम पिल्लू निघालं.

गेल्या वर्षी त्र्यंबककडच्या एका मुलीची वही आली. दोन म्हशी, तीस नोंदी, अक्षर बारीक. मी दिलेले तीन कॉलम होते, तारीख, वेळ, विशेष. तिने चौथा स्वतः आखला होता: कोण बसलं. आई बसली त्या दिवशी दोन मिनिटांच्या आत. ती स्वतः बसली तेव्हा तीन, सव्वातीन. भाऊ बसला, पाच मिनिटं, पुढे लिहिलेलं, चोरला. आई माहेरी गेली ते चार दिवस, पहिल्या दिवशी सहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी तिच्या हाताला साडेतीन. आणि आई परत आली त्या संध्याकाळच्या नोंदीत वेळेच्या जागी तिने आकडा लिहिलाच नव्हता. मी विचारलं, हे का रिकामं? म्हणाली, "मॅडम, स्टॉपवॉच लावायच्या आधीच. आई अंगणातून बोलत आली ना, तेव्हाच गळायला लागलं."

यंदा जूनमध्ये तो चौथा कॉलम मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी आखायला सांगणार आहे.